घाईचा माणूस

६ जानेवारी, सोमवार

डॉक्टरांनी सांगितलंय, राग आला की बोलायचं नाही, लिहायचं. रक्तदाबाच्या गोळीबरोबर हे दुसरं औषध. बायकोने रंगाच्या दुकानातून फुकट मिळालेली ही डायरी पुढ्यात टाकली आणि म्हणाली, "घ्या, आता हिच्यावर ओरडा." तर ओरडतो.

आज धाकटा आला होता. माझा सख्खा भाऊ. बाबा गेले त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद आहे. निर्मात्याचा फोन आला तेव्हा दिग्दर्शक कोण हे त्याने सांगितलंच नाही. चोरांचा विनोदी सिनेमा आहे, चित्रीकरण झालंय, संकलन तुम्हीच करायचं, एवढंच म्हणाला. मी हो म्हणून बसलो. आज संकलनाच्या खोलीचं दार उघडतो तर समोर हा, हातात हार्ड डिस्कची पेटी घेऊन. कानाजवळचे केस पांढरे झालेत. मला उगीचच वाटायचं की म्हातारा मी एकटाच होतोय.

म्हणाला, "नमस्कार सर."

सर! ज्याला सायकलच्या दांडीवर बसवून मी शाळेत सोडत होतो, ज्याचा गणिताचा गृहपाठ माझ्या अक्षरात असायचा, तो मला सर म्हणतो. या धंद्यात सगळेच म्हणतात म्हणा. पण सगळ्यांना मी नाक पुसायला शिकवलेलं नाही.

भांडणाचं कारण त्याला विचारलं तर तो सांगेल, मी त्याची वाट न बघता बाबांना नेलं. तो तेव्हा लांब कुठल्यातरी गावी चित्रीकरणात होता. निघालोय, म्हणून त्याचा फोन आला होता. पण ऊन रणरणत होतं, माणसं ताटकळली होती, दोघाचौघांना भोवळ यायची तेवढी बाकी होती. कुणीतरी निर्णय घ्यायला हवा होता, मी घेतला. यात माझं काय चुकलं ते आजपर्यंत कुणी मला समजावून सांगितलेलं नाही.

काम सोडून देणार होतो. मग विचार बदलला. खरं सांगायचं तर एवढ्यासाठीच बदलला की सिनेमा संपायच्या आत त्याच्या तोंडून एकदा 'दादा' ऐकायचंय. हे बायकोलाही बोललेलो नाही.

८ जानेवारी, बुधवार

फुटेज बघायला घेतलं. बघवत नाही.

गोष्ट अशी. दोन भाऊ, दोघेही चोर. मोठा गाडी चालवतो, धाकटा आत जाऊन हात मारतो. एकदा धाकटा सराफाच्या दुकानात शिरलेला असताना मोठा गाडी घेऊन चालता होतो. धाकटा पकडला जातो, तुरुंगात जातो. सुटल्यावर तडक मोठ्याच्या दारात येऊन उभा राहतो: एक शेवटची चोरी करायची, आणि दोघांनी मिळूनच करायची. मग दोघं भुयार खणतात आणि बँकेऐवजी निघतात पोलीस चौकीच्या न्हाणीघरात. हा विनोद माझ्या आजोबांच्या काळातही शिळा होता. तिथे एक हवालदार साबणावरून घसरतो. दोनदा.

पण सगळ्यात फसलंय ते मोठ्या भावाचं पात्र. नट गुणी आहे, तो बिचारा काय करणार, लिहिलंयच तसं. हा मोठा भाऊ सारखा 'चला, आटपा' करत असतो. पाहुण्यांचा चहा संपायच्या आत याच्या पायात चपला. बायकोबरोबर निघाला की हा फर्लांगभर पुढे, आणि वर वळून विचारतो, 'कुठे राहिलीस?' समोरच्याचं वाक्य स्वतःच पुरं करतो, तेही चुकीचं. विनोदासाठी थोडं वाढवून सांगतात हे मला कबूल आहे, पण त्याला काही धरबंद? अशी माणसं असतात का कुठे? धाकट्याला माणसांचं निरीक्षणच नाही, हे मी पहिल्यापासून सांगत आलोय.

टेक निवडायचं काम मात्र झपाझप चाललंय. मला टेक शेवटपर्यंत बघावा लागत नाही, हवा तो तुकडा सापडला की मी पुढे. उगीच नाही धंद्यात मला 'कात्री' म्हणत.

संध्याकाळी बायकोला चष्म्याच्या दुकानात नेलं. ती हल्ली फार हळू चालते. प्रत्येक कोपऱ्यावर मला उभं राहून हाका माराव्या लागतात.

११ जानेवारी, शनिवार

बायको डबा घेऊन आली होती. म्हटलं, आलीच आहेस तर पहिली अर्धी गोष्ट जोडून झालीय, बघून जा. परक्या डोळ्यांनी बघितलं की दोष कळतात.

हवालदार घसरला, ती हसली नाही. भुयाराला तर तिने जांभई दिली. पण मोठा भाऊ पडद्यावर आला की ही फिदीफिदी. त्याने 'कुठे राहिलीस?' म्हटल्यावर पदर तोंडात कोंबला. शेवटी डोळ्यांतून पाणी आलं, नवा चष्मा काढून पुसायला लागली. अख्ख्या सिनेमातलं सगळ्यात फुसकं पात्र, आणि हिला त्याच्यावर हसू!

घरी जाताना रस्त्यात पुन्हा हसली. मी वळून विचारलं, "एवढं काय आहे त्यात?"

"काही नाही हो," लांबून म्हणाली. "त्या नटाने फार अभ्यास केलाय."

कसला अभ्यास? गाडीसुद्धा त्याला धड चालवता येत नाही, लांबच्या शॉटमध्ये दुसरा माणूस बसवलाय.

१५ जानेवारी, बुधवार

आज धाकटा दिवसभर माझ्यामागे खुर्ची टाकून बसला होता. चहावाल्याला मी न विचारताच त्याचा बिनसाखरेचा सांगितला. त्याने तो संपवला.

हवालदाराचं दुसरं घसरणं मी उडवलं. पहिल्या घसरण्यानंतर एकदम त्याची टोपी हवेत, आणि बस. धाकटा हसला. बाबांसारखा हसतो, नाकातून. मी मान वळवली नाही, वळवली असती तर थांबला असता. त्या एका हशाने माझा दिवस चांगला गेला, हे लिहायला हरकत नाही.

दुपारी निर्माता डोकावला. हा बोलघेवडा माणूस, पोटात काही ठेवत नाही. धाकटा फोनवर बाहेर गेला तसं मला म्हणाला, "मी दोन-तीन नावं सुचवली होती हो. पण दिग्दर्शकाने तुमचंच नाव धरून ठेवलं. म्हणे, हा सिनेमा दुसऱ्या कुणी पहिल्यांदा बघायचाच नाही." साहजिक आहे. विनोदी सिनेमाला माझ्यासारखा हात दुसरा कुणाचा आहे?

मग मोटारीतला प्रसंग आला. भुयार फसल्यावर, दुसऱ्या प्रयत्नाच्या आधी, दोघं भाऊ बँकेसमोर गाडीत बसलेत. धाकटा विचारतो, "त्या दिवशी थांबला का नाहीस?" आणि पुढे काही नाही. मोठ्याचा चेहरा, बस. कॅमेरा हलत नाही, नट हलत नाही, पापणीसुद्धा नाही. इतका वेळ जातो की माझा हात आपोआप बटणांकडे गेला. मग कधीतरी तो म्हणतो, "गाडी गरम होत होती."

वाक्य फक्कड आहे. प्रश्नावर लगेच आदळलं तर हमखास हशा. पण मधे एवढी मोकळी जागा सोडली तर विनोद जागीच गार पडतो. शिवाय न हलणाऱ्या चेहऱ्याकडे मला फार वेळ बघवतच नाही. पूर्वी असं नव्हतं, अलीकडच्या काही वर्षांत झालंय. लोक म्हणतात माझं संकलन दिवसेंदिवस वेगवान होतंय.

मी शॉट कापून दाखवला. प्रश्न, उत्तर, खटक्यात.

"नको सर," तो म्हणाला. "हा पूर्ण ठेवायचा."

"लोक खोकतील."

"खोकू देत."

"अरे, विनोदी सिनेमा आहे ना हा?"

"बाकीचं तुम्हाला वाटेल तसं कापा. न्हाणीघर कापा, भुयार कापा, नामावलीतलं माझं नाव कापलंत तरी चालेल. हा एक शॉट सोडा."

मी बरं म्हणालो. आपण 'अरे' म्हणून गेलो हे नंतर लक्षात आलं. त्याने ते चालवून घेतलं होतं.

२१ जानेवारी, मंगळवार

रक्तदाब वाढलाय. डॉक्टर म्हणाले, लिहिता ना? म्हटलं, लिहितो. म्हणाले, मग रागाचं कारण सापडलं का? म्हटलं, कारण रोज माझ्यामागे खुर्ची टाकून बसतं.

पण ते खरं नाही. राग सिनेमाचा येतो. कितीही कापा, कितीही जोडा, हसू येतच नाही. भुयार लहान केलं तर गोष्ट कळत नाही, मोठं ठेवलं तर झोप येते. सगळ्या गमती कशा उसन्या आणल्यासारख्या. फक्त ते दोघं भाऊ एकत्र आले की काहीतरी खरं घडायला लागतं, आणि नेमका तेव्हा हवालदार घुसतो. एवढा हुशार पोरगा, त्याला हे दिसत कसं नाही? असंही वाटतं की त्याला त्या दोघांचीच गोष्ट सांगायची होती आणि चोऱ्यामाऱ्या नुसत्या वरून पेरल्यात. मग सरळ तीच का नाही सांगितली? लाज वाटली असेल.

मला त्याची काळजी वाटते. हा सिनेमा पडला तर त्याला पुन्हा कोण विचारणार?

२८ जानेवारी, मंगळवार

आज निवडक लोकांना बोलावून सिनेमा दाखवला. असा दिवस वैऱ्यावर येऊ नये.

हवालदारावर दोन माणसं हसली, त्यातला एक निर्मात्याचा मेहुणा. भुयाराच्या वेळी अंधारात फोनचे उजेड दिसायला लागले. पण ते मी सोसलं. मोटारीतला शॉट आला. पडद्यावरच्या धाकट्याने विचारलं, थांबला का नाहीस. मोठा गप्प. सभागृह गप्प. मग एक खोकला, मग दुसरा, मग खुर्च्यांची करकर. आणि मागून कुणीतरी टारगट ओरडला, "बोल की बाबा आता!"

सगळं सभागृह हसलं. पूर्ण सिनेमातला सगळ्यात मोठा हशा तोच.

धाकटा माझ्यापुढच्या रांगेत होता. त्याची मान खाली गेलेली मला दिसली. लहानपणी शाळेच्या नाटकात शब्द विसरला होता तेव्हा अशीच गेली होती. मी तेव्हा प्रेक्षकांतून उठून त्याला ओरडून शब्द सांगितले होते. आज काय ओरडणार? त्या टारगटाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. माझ्या भावावर हसतो!

बाहेर आल्यावर निर्माता म्हणाला, "साहेब, तो मोटारीतला जांभईचा शॉट तेवढा बघा." धाकटा म्हणाला, "तो राहणार." आणि निघून गेला.

५ फेब्रुवारी, बुधवार

उद्या अंतिम प्रत द्यायची. धाकटा तापाने पडलाय. फोन केला, आवाज पार बसलेला. म्हटलं, शेवटची एकदा नजर टाकायला गाडी पाठवू का?

म्हणाला, "नको. तुम्ही आहात ना. मग मला यायची गरज नाही."

तुम्ही आहात ना. इतक्या वर्षांनी त्याने काहीतरी माझ्या भरवशावर सोडलं. 'दादा' म्हणाला नाही, पण आता ते फार लांब नाही.

आणि म्हणूनच मी तो शॉट कापला. प्रश्न, उत्तर, खटक्यात. उद्या गावोगाव थिएटरात कुणीही उठून ओरडणार, आणि हा कुठेतरी मागच्या रांगेत मान खाली घालून बसणार, हे मला चालणार नाही. त्याला स्वतःचं भलं कळत नसेल तर मोठ्या भावाने बघायचं नाही तर कुणी? ध्वनिमुद्रकाने विचारलं, "दिग्दर्शकांना सांगितलंय ना?" मी म्हटलं, हो.

हे एक खोटं बोललो. पण लोक हसतील तेव्हा त्याला कळेल की कुणासाठी बोललो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सिनेमा लागला. पहिल्या खेळाला आम्ही सगळे गेलो होतो. अर्धं थिएटर रिकामं. बायको माझ्या डाव्या हाताला, धाकटा दोन रांगा पुढे, एकटा.

मोटारीतला प्रसंग आला. थांबला का नाहीस. गाडी गरम होत होती. लगेच पाच-सहा लोक हसले. चांगला खणखणीत हशा, सिनेमातला एकुलता एक. मला वाटलं, जिंकलो. मी धाकट्याच्या पाठीकडे बघत होतो, आता तो नाकातून हसेल म्हणून.

तो उठला आणि बाहेर गेला.

मी मागोमाग गेलो. जिन्यात गाठलं. भिंतीला टेकून उभा होता. म्हटलं, "ऐकलास ना हशा? मी सांगत नव्हतो?"

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे लाल झाले होते.

"सगळा सिनेमा दिला होता तुला कापायला," तो म्हणाला. "सगळा. एवढीच जागा मागितली होती."

"अरे पण तुझ्याच भल्यासाठी..."

"दादा," तो म्हणाला, "तू याही वेळी थांबला नाहीस."

आणि जिना उतरून गेला. याही वेळी म्हणजे काय? मी जागचा हललो नाही. आतून हवालदाराच्या आरडाओरड्याचा आवाज आला. कुणी हसलं नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

म्हणाला तर खरं. दादा. पण असं नको होतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पेपरात परीक्षण आलंय. चोऱ्यांत गंमत नाही, पोलिसांत भीती नाही, वगैरे. ते मलाही ठाऊक होतं. पण शेवटी लिहिलंय, 'या दोन भावांमध्ये नेमकं काय तुटलंय ते सांगायला सिनेमा तोंड उघडतो आणि घाईघाईने विषय बदलतो. मोठ्या भावाच्या मनात काय होतं हे कळायची एकच संधी होती, ती एका वाक्याच्या विनोदावर उधळली आहे.'

मी पेपर फेकला. बायकोने तो उचलला, वाचला, नीट घडी घालून ठेवला.

म्हणाली, "एक विचारू? रागावू नका, नाहीतर आत्ताच गोळी घ्या."

"विचार."

"तुम्हाला खरंच कळलं नाही तो मोठा भाऊ कोण आहे?"

"कोण म्हणजे? चोर."

"पाहुण्यांचा चहा संपायच्या आत चपला कोण घालतं आपल्याकडे?"

"मी बूट घालतो," मी म्हटलं.

ती हसली नाही. माझ्याशेजारी बसली आणि माझ्या हातावर हात ठेवला. असं ती सहसा करत नाही. म्हणाली, "तो तुम्हाला शिव्या देत नव्हता हो. विचारत होता. तोंडाने विचारायला जमलं नाही, म्हणून एवढा सिनेमा काढला. आणि तुम्ही उत्तराच्या आधीच..." तिने बोटांची कात्री करून दाखवली.

मी म्हटलं, तुझं आपलं काहीतरीच. आणि फिरायला बाहेर पडलो. फार वेगाने चालत होतो बहुतेक, धाप लागली. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसावं लागलं.

बाबांना घराच्या पुढच्या खोलीत ठेवलं होतं. चेहरा उघडा होता. धाकटा यायचाय, त्याला बघू दे, म्हणून कुणीतरी उघडा ठेवला होता. हे मला आज इतक्या वर्षांनी आठवलं, पायरीवर.

२६ फेब्रुवारी, बुधवार

संकलनाच्या खोलीत जाऊन मोटारीतल्या शॉटचं मूळ फुटेज काढलं. बरेच टेक आहेत. मी प्रत्येक टेक वाक्यापर्यंतच बघितला होता. वाक्य मिळालं की पुढचा. आज एकही बटण न दाबता शेवटपर्यंत बघायला बसलो.

एका टेकमध्ये वाक्य झाल्यावर कुणी कट म्हणतच नाही. कॅमेरा चालूच आहे. नट कॅमेऱ्याच्या मागे बघून विचारतो, "मी फार वेळ घेतोय का?"

धाकट्याचा आवाज येतो. दिसत नाही, नुसता आवाज. "नाही. अजून घ्या."

"पण हा माणूस एवढा वेळ करतोय काय? वाईट आहे का तो?"

"नाही हो. वाईट नाही. घाईचा आहे." मग पुन्हा, "त्याला बोलायचंय, पण जमत नाहीये. आपण त्याला घाई केली नाही ना, तर बोलेल तो."

"आणि काय बोलेल?"

"ते मलाही माहीत नाही. म्हणून तर गाडीचं वाक्य लिहिलं."

मग कुणीतरी कट म्हणतं.

मी ते तीनदा ऐकलं. मग रडलो. आधी खोलीचं दार लावून घेतलं, तेवढं भान होतं. बाबांच्या वेळी रडलो नव्हतो. सगळे म्हणाले होते, थोरल्याने किती धीराने सगळं उरकलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

त्याला फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. चौथ्यांदा उचलला.

म्हटलं, "एकदा खोलीवर येतोस?"

"कशाला? सिनेमा उद्या उतरतोय थिएटरातून."

"सिनेमासाठी नाही."

गप्प. मी बोलणार होतो, तीन-चार वाक्यं एकदम तोंडात आली. दात आवळून धरले.

शेवटी म्हणाला, "रविवारी जमलं तर येईन. नक्की नाही."

२ मार्च, रविवार

सकाळीच खोलीवर जाऊन बसलो. रविवारी इमारतीत कुणी नसतं. मोटारीतला शॉट पुन्हा जोडून ठेवला होता, जसाच्या तसा, लांबलचक. दुपार झाली. बायकोचा फोन आला, म्हटलं, तू जेवून घे. मग त्याचा निरोप आला: 'उशीर होईल. थांबू नका.' मी लिहिलं, 'सावकाश ये.' हे दोन शब्द लिहायला मला फार वेळ लागला.

ऊन खिडकीतून उतरून पार पलीकडच्या भिंतीवर गेलं तेव्हा तो आला. नमस्कार केला नाही, सर म्हणाला नाही. त्याच्या नेहमीच्या खुर्चीवर, माझ्यामागे जाऊन बसला. मी काही न बोलता शॉट लावला.

पडद्यावर धाकट्याने विचारलं, "त्या दिवशी थांबला का नाहीस?"

मोठ्याचा चेहरा आला. मी बघत राहिलो. हात मांडीखाली दाबून ठेवले होते. गाडीचं वाक्य यायच्या जरा आधी मात्र हात बाहेर काढला आणि यंत्र थांबवलं. चेहरा तसाच पडद्यावर राहिला.

ऊन होतं, माणसं ताटकळली होती, कुणीतरी निर्णय घ्यायला हवा होता. सगळं पाठ होतं मला. तोंडाशी आलं आणि तिथेच राहिलं. दुसरं काही सुचेना. मागे तो खुर्चीत होता. खुर्ची करकरली नाही. तो खोकला नाही. 'राहू दे' म्हणाला नाही. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. जन्मभर मी एवढी मोकळी जागा कुठल्याच सिनेमात सोडलेली नाही.

मग मी त्याच्याकडे वळलो आणि म्हणालो, "मला बाबांकडे बघवत नव्हतं रे. चेहरा उघडा ठेवला होता, तुझ्यासाठी. तू येईपर्यंत मला तो तसा बघत राहावं लागलं असतं. मला नाही जमलं. म्हणून उचला म्हणालो."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग खुर्ची पुढे ओढत ओढत माझ्या खुर्चीला आणून टेकवली.

"मला तरी कुठे बघवलं असतं, दादा," तो म्हणाला. "पण दोघं मिळून तोंड फिरवून उभे राहिलो असतो की."